पानावर बसल्यावर

सव्वीस वर्षं मी पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते आहे. कर्वेनगरातल्या दोन खोल्यांत सुरुवात झाली. आता सकाळी दीडशे आणि संध्याकाळी शंभर डबे जातात. डब्याला तीन पोळ्या, म्हणजे रोजच्या साडेसातशे. लेक शिकायला इटलीत बोलोन्याला गेली, १०८८ सालापासून चालत आलेल्या तिथल्या विद्यापीठात, आणि पुढे तिथेच नोकरीला लागली. गेल्या ऑक्टोबरात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "आई, एक संध्याकाळ मला दे," एवढंच म्हणाली. दीड महिना आधी तिने शहरातल्या एका नावाजलेल्या, महागड्या रेस्टॉरंटात टेबल राखून ठेवलं होतं. त्या एका जेवणात मला जे दिसलं ते लिहून ठेवते आहे. ज्याने आयुष्यात कधी कुणाला वाढलं असेल त्याला यातलं काही ना काही ओळखीचं वाटेल.

१. टेबल एकदा आपलं झालं की रात्रभर आपलंच असतं, हे कळायला मला तासभर लागला.

साडेसातला दार उघडलं. त्याआधी तिथे रात्रीचं जेवण मिळत नाही. नऊ वाजले तरी आमचे दोनच पदार्थ झाले होते. माझं लक्ष सारखं दाराकडे. आपल्याकडे गर्दीच्या वेळी खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं, त्यांची नजर पाठीला टोचते आणि शेवटचा ताकभात घाईत उरकला जातो. इथे मागे कुणीच नव्हतं. आमच्या नंतर त्या टेबलावर त्या रात्री कुणी बसणारच नव्हतं. जेवण संपलं तरी बिल आलं नाही. हे अस्वस्थ झाले, आपल्याला विसरले की काय म्हणून. लेक म्हणाली, "बाबा, मागितल्याशिवाय आणत नाहीत. न मागता आणलं तर 'उठा आता' म्हटल्यासारखं होतं." मला माझा फोन आठवला. साडेसात वाजले की मीच गिऱ्हाइकाला विचारते, "डबा रिकामा झाला का? मुलगा खाली उभा आहे."

२. त्यांचं जेवण एकामागून एक येतं, आपलं एकदम येतं, असं मी समजून चालले होते. तसं नाही.

आधी आंतीपास्ती, मग प्रिमी म्हणजे पास्ता नाहीतर भात नाहीतर सूप, मग सेकोंदी म्हणजे मांस-मासे, त्यासोबत वेगळ्या बशीत भाज्या, शेवटी दोल्ची, आणि गोडानंतर कॉफी, तीही दुधाशिवाय. मला वाटलं, आपलं किती सुटसुटीत, सगळं ताटात एकदम समोर. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. मग बसल्या बसल्या माहेरची पंगत आठवली. पहिला भात वरण-तुपाचा. मग पोळी. मग मसालेभात. मध्ये गोड. सगळ्यात शेवटी ताकभात. क्रम आपल्याकडेही होता, आणि वाढणाऱ्याला तो पाठ असायचा. तो मोडला डब्याने. चार पुडाच्या डब्यात भात खाली, त्यावर आमटी, त्यावर भाजी, सगळ्यात वर पोळ्या, आणि माणूस हाताला येईल तसं खातो. इतकी वर्षं मी जेवण एकावर एक रचत आले. कशामागून काय खायचं हा विचार माझ्या हातून कधी निसटला ते कळलंही नाही.

३. "यात काय आहे" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला धैर्य लागतं.

आम्ही दोघं शाकाहारी. अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. वाढायला साठीतले, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांना 'वेटर' म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण त्यांचं वागणं पंगतीतल्या यजमानासारखं होतं. लेकीने त्यांना आमचं पथ्य सांगितलं. रिकोत्ता आणि पालकाचं सारण भरलेले तोर्तेल्लोनी घ्यावेत असं आमचं ठरत होतं. ते थांबले, म्हणाले, "एक सांगायला हवं," आणि बरंच काही बोलले. लेक ऐकत राहिली. भाषांतर करायच्या आधी ती क्षणभर गप्प बसली.

ते म्हणत होते की सारणात पार्मिज्यानो रेज्यानो आहे, आणि ते चीज शाकाहारी नव्हे. दूध साकळावं म्हणून त्यात वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ घालतात. तो घातल्याशिवाय त्या चीजला ते नावच लावता येत नाही, नियमच तसा आहे. मग ते स्वतः स्वयंपाकघरात गेले. परत येऊन म्हणाले की सूपही नको, त्याचं पाणी मांसाचं आहे. ताज्या पोर्चिनी अळंब्यांचा हंगाम आहे, लोण्यावर परतलेल्या त्या अळंब्यांबरोबर तालियातेल्ले करून देतो, चीज न घालता, वेगळ्या भांड्यात. एवढ्या मोठ्या जागी तीन पाहुण्यांतल्या दोघांसाठी ते दोनदा आत गेले. गप्प राहिले असते तर आम्हाला कधीही कळलं नसतं.

तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या एक आजी आठवल्या. श्रावणात त्यांचा डबा माझ्याकडून जायचा. "कांदा-लसूण नाही ना गं?" त्या फोनवर विचारायच्या आणि मी "नाही आजी" म्हणायचे. भाजीत नसायचा, हे खरं. पण वाटण त्याच मिक्सरच्या भांड्यात व्हायचं आणि आमटीत डावही तोच फिरायचा. मला ते माहीत होतं. सकाळच्या घाईत वेगळं भांडं काढायचा कंटाळा होता, आणि त्यांना कळणार नाही हेही माहीत होतं. आजी आता नाहीत. माझ्या शब्दावर महिनाभर विश्वासाने जेवल्या त्या. पुण्यात परतल्यावर मी पहिल्यांदा एक भांडं, एक डाव आणि मिक्सरचा एक जार वेगळा काढला आणि जाराच्या दांड्याला लाल दोरा बांधला. आजींना त्याचा काही उपयोग नाही. तरी बांधला.

४. मुलांना सगळंच विचारू नये.

भाषांतराआधीच्या त्या एका क्षणाच्या गप्पपणात मला कळलं होतं की लेकीला त्या चीजचं आधीपासून माहीत आहे. चार वर्षं तिथे राहते, त्याच चीजच्या प्रदेशात. ती काय खाते, काय नाही, हे फोनवर मी रोज विचारायचे आणि ती रोज काहीतरी सांगायची. मी तिच्याकडे पाहिलं, तिने पाण्याचा ग्लास उचलला. मी म्हटलं, "तू तुला हवं ते मागव." तिने तोर्तेल्लोनी मागवले, लोणी आणि सेजच्या पानांवरचे. यांनी काही विचारलं नाही. ती पहिला घास घेताना मी तिचा चेहरा पाहत होते. लहानपणी गुळाची पोळी खाताना असायचा तसाच होता.

५. लाटणाऱ्या हातांचा मान शहराने ठेवायचा ठरवलं तर काय होतं, ते मी बोलोन्यात पाहिलं.

तालियातेल्ले म्हणजे अंड्यात भिजवलेल्या कणकेच्या पट्ट्या. प्रमाण शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. पहिल्या घासाला जाणवलं की हे पीठ हाताने मळलेलं आणि लाटण्याने लाटलेलं आहे. ज्याने रोज कणीक तिंबली आहे त्याच्या जिभेला हे सांगावं लागत नाही. ती पट्टी किंचित खरखरीत होती आणि लोणी तिला धरून बसलं होतं. मी लेकीकरवी विचारलं, कोण लाटतं? त्या गृहस्थांच्या डोळ्यांत एकदम ओळख उमटली. पीठ लाटणाऱ्या बायकांना तिथे 'स्फोल्यिना' म्हणतात. तो मानाचा शब्द आहे.

मग त्यांनी सांगितलं की १९७२ साली या शहराच्या व्यापारी मंडळात तालियातेल्लेचं माप रीतसर नोंदवून ठेवलंय. शिजल्यावर पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर. शहरातला आझिनेल्ली बुरूज सुमारे ९७ मीटर उंच आहे, त्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग म्हणजे ही रुंदी. सोन्याची एक पट्टी करून नमुना म्हणून ठेवली आहे. पुढे १९८२ मध्ये त्यांच्या मांसाच्या रश्श्याची, रगूची, कृतीही तशीच नोंदवली. तो रगू ते या पट्ट्यांबरोबर खातात. जगभर 'बोलोनेझ' म्हणून जे स्पॅगेटीवर घालतात, ते या शहराच्या परंपरेत बसत नाही.

जेवणानंतर त्यांनी मला आत नेलं. लाटण्याचं काम सकाळी होतं, त्यामुळे तिथे कुणी नव्हतं. दाराएवढी लाकडी फळी धुऊन पुसून ठेवलेली होती आणि भिंतीला टेकून लाटणं. जवळजवळ मीटरभर लांब, मधे जाड नाही, शेवटी निमुळतं नाही, सरळ. "लाकडावरच लाटायचं," ते म्हणाले. लाकडाचा खरखरीतपणा पिठाला लागतो, म्हणून रस्सा पट्टीला चिकटतो. गुळगुळीत दगडावर ते होत नाही. मी लाटणं हातात घेतलं. त्याला किती वजन आहे ते माझ्या मनगटाला लगेच समजलं. भाषा येत नव्हती, तेव्हा रिकाम्या फळीवर मी हात फिरवून आपली पोळी कशी लाटतो ते दाखवलं. घडी घालायची, तेल लावायचं, कडेने लाटत जायचं. ते बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे पुढे केले. उजव्या तळव्याच्या खाली, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा होता. माझ्याही तिथेच आहे. तरुणपणी आईबरोबर लाटायचो, असं ते म्हणाले.

आमच्याकडे सातजणी पोळ्या लाटतात. चार वर्षांपूर्वी धुवायला सोपं म्हणून मी स्टीलचे पोळपाट आणले. तेव्हा एकजण म्हणाली होती, "ताई, यावर पोळी सरकते." मी ऐकलं नव्हतं.

६. आग्रह केल्याशिवायही माणूस पोटभर वाढू शकतो.

ताटली मोठी, पदार्थ मधे मुठीएवढा. पाहूनच वाटलं, उपाशी उठणार. मी आग्रहाच्या घरात वाढलेली. "अजून एक पोळी घ्या, माझ्या हातची घ्या," हे न म्हणता उठू दिलं तर यजमानाला झोप येत नाही. तिथे त्यांनी एकदाही "अजून घ्या" म्हटलं नाही. पण यांनी अळंबीचा जाड देठ बाजूला काढला, तो त्यांनी पाहिला. पुढच्या वेळी आलेल्या भाजीत देठ नव्हता. यांनी शेवटचं लोणी पावाच्या तुकड्याने पुसून घेतलं, आमटीची वाटी पोळीने पुसावी तसं, आणि मग संकोचून हात मागे घेतला. ते हसून म्हणाले, "स्कार्पेत्ता." म्हणजे छोटासा बूट, आणि पावाने बशी पुसण्याचं त्यांच्याकडचं नाव. आणखी पाव आणून ठेवला आणि बाजूला झाले. यांची बशी धुतल्यासारखी स्वच्छ झाली.

मी विचार करत राहिले, हे गृहस्थ करतात तरी काय? ते माणसाला जेवताना बघतात. मी सव्वीस वर्षांत लाखो जेवणं पाठवली असतील. माझं अन्न खाणारा चेहरा मी कितीदा पाहिला? डबा परत येतो, त्यात काय उरलं ते दिसतं. भाजी उरली की मी म्हणायचे, आज मीठ कमी पडलं असेल. ती का उरली हे विचारायला तिथे कुणी नसायचं.

७. काही चवी एका माणसाच्या घाईत बसत नाहीत.

शेवटी साधं दुधाचं आईस्क्रीम आलं आणि त्यावर त्यांनी एका बुटक्या बाटलीतून काळ्या, दाट रसाचे मोजून चार थेंब सोडले. मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिक. आपल्याकडे दुकानात त्या नावाने जे व्हिनेगर मिळतं ते वेगळं. हे द्राक्षांचा रस आटवून करतात आणि घराच्या माळ्यावर लहान-लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत ठेवतात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, अशी वेगवेगळ्या लाकडांची पिंपं. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं आणि प्रत्येक पिंप त्याच्याहून मोठ्यातून भरायचं. कमीत कमी बारा वर्षं, आणि सगळ्यात जुन्या प्रतीला पंचवीस. उन्हाळ्यात तापलेला माळा आणि हिवाळ्यात गारठलेला माळा, दोन्ही त्याला लागतात. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची रांग सुरू करायची आणि लग्नात ती तिच्याबरोबर द्यायची, अशी तिकडे रीत होती.

चव गोड, आंबट आणि लाकडाची. आधी काकवी आठवली, मग चिंच. आणि मग सासूबाईंची लोणच्याची बरणी. उपवासाचं लिंबाचं लोणचं, मुरून मुरून पार काळं झालेलं. कुणाला ताप आला, तोंडाची चव गेली, की मऊ भाताबरोबर त्यातली एक फोड. त्या बरणीला त्या रोजच्या जेवणात हात लावू द्यायच्या नाहीत. त्या गेल्यानंतर मी ती बरणी रिकामी करून घासून ठेवली, कारण मला ती हवी होती मिठासाठी. हे मी त्या टेबलावर कुणाला सांगितलं नाही. यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "आईचं लोणचं." त्यांनाही तेच आठवलं होतं.

८. बिलाचा गुणाकार मी केला, आणि करायला नको होता.

१९८ युरो. त्यात माणशी चार युरो 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचे, पावाचे, कापडाचे. आपले वीस हजारांच्या आसपास झाले. माझ्या एका दिवसाच्या सगळ्या डब्यांचे जवळजवळ तेवढे होतात. माझा चेहरा उतरला असणार, कारण लेक हळूच म्हणाली, "आई, माझ्या पगारातले आहेत. मी चार महिने ठरवत होते." ती आयुष्यात पहिल्यांदा मला जेवायला घालत होती आणि मी मनात डबे मोजत होते. वाढणाऱ्याला असं मोजलेलं किती लागतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असावं?

९. त्या टेबलाला आणखी पुष्कळ हात लागलेले होते, ते दुसऱ्या दिवशी आगगाडीत भेटले.

रेज्जो एमिल्याकडे जाणाऱ्या गाडीत समोर एक सरदारजी बसले होते, मांडीवर जेवणाचा डबा. डबा पाहून मीच हिंदीत बोलायला लागले. जालंधरकडचे. गोठ्यात कामाला, वीस वर्षं झाली. पो नदीच्या या खोऱ्यात कितीतरी गोठे पंजाबी माणसं सांभाळतात, आणि त्यातल्या बऱ्याच गोठ्यांचं दूध त्याच चीजला जातं. नोव्हेल्लारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे, २००० साली उभा राहिला. पहाटे तीनला उठायचं, पहिली धार काढायची, संध्याकाळी दुसरी. सुट्टी अशी नसते, गाय रविवार पाळत नाही. चाळीस किलोच्या एका चाकाला साडेपाचशे लिटर दूध लागतं, वर्षभर तरी मुरवत ठेवतात, चांगलं असेल तर दोन-तीन वर्षं. मी विचारलं, ते चीज खाता का? "मुलं खातात, बहेनजी. आम्ही घरी पनीर करतो."

सोन्याची पट्टी ठेवणाऱ्या त्या प्रदेशात या पहाटे तीनच्या माणसासाठीही एखादा मानाचा शब्द असावा, असं मला फार वाटलं. आणि मग माझ्या सातजणी डोळ्यांपुढे आल्या. अडीचशे घरांत त्यांच्या हातची पोळी जाते. त्यातल्या एका तरी घराला त्यांचं नाव माहीत आहे का?

१०. परत आल्यावर मी लाकडी पोळपाट आणले. सातही. धुवायला वेळ जास्त जातो, तो मी धरते.

आणि केंद्राच्या पुढच्या खोलीतला फ्रीज आत हलवून तिथे दोन टेबलं टाकली. आठ खुर्च्या. घाई करायची नाही, असं मुलांना सांगून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात कुणीच बसलं नाही, सगळे डबा घेऊन निघून जायचे. मग एका गुरुवारी पाऊस लागला आणि एक विद्यार्थी आडोशाला आला. नांदेडचा, तीन वर्षांपासून त्याचा डबा आमच्याकडे. नावाने ओळखत होते, पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा. म्हटलं, बस, वाढते. आधी वरण-भात वाढला, वर तूप. मग तव्यावरून उतरलेली पोळी, लाटणारीनेच आणून वाढली, आणि मी तिचं नाव त्याला सांगितलं. अळूची भाजी त्याने वाटीत तशीच ठेवली.

"आवडत नाही का रे?"

"घशाला खाजतं, काकू. डब्यातली पण मी टाकून देतो."

मग दुसरी पोळी आली. त्याने तुकडा मोडला, वाफ निघाली, तो थांबला. "काकू," तो म्हणाला, "ही रोजचीच पोळी आहे?"

"रोजचीच," लाटणारी म्हणाली, आणि तिसरी टाकायला आत गेली.